पाचवी प्रत

४ मार्च

चिंगे,

अकरा वर्षांनी पत्र लिहितेय. मागचं पत्र तुझ्याकडे अजून असेल तर फाडून टाक. बाबा गेले, तू आली नाहीस, आणि तू का येऊ शकत नाहीस हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी जे लिहायचं नाही ते लिहिलं. त्याची माफी रीतसर मागेन कधीतरी. आज कामाचं आहे.

तुझा नवरा काल स्टुडिओत आला होता. पासपोर्टचा फोटो काढायचा म्हणाला.

केस पांढरे झालेत, बाकी तसाच आहे. बूट दाराशी काढले, पायपुसण्यावर पाय पुसले आणि ‘ताई, बऱ्या आहात ना?’ म्हणाला. आवाज तोच, खालच्या पट्टीतला. बाबा कौतुकाने म्हणायचे ना, आमचे कपाटवाले जावईबापू कधी आवाज चढवत नाहीत, पोरीने नशीब काढलं. मग तुझ्या मनगटाचा एक्स-रे त्यांनी निगेटिव्ह बघायच्या काचेवर लावून पाहिला आणि त्या दिवसापासून नशिबाबद्दल बोलले नाहीत.

मी त्याला स्टुलावर बसवलं. हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत, ऑफिसचा नियम आहे. त्याने निमूट ऐकलं. ते कान तुला सांगायला नकोत, वरचं टोक बाहेर वळलेलं आणि पाळी गालाला चिकटलेली. तीस वर्षांच्या धंद्यात असे कान मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

‘कुठे निघालात?’ मी विचारलं.

‘बघू. आधी कागद तर होऊ देत,’ तो म्हणाला आणि थेट भिंगात बघत राहिला.

चिंगे, त्याला कळलंय असं मला वाटतं. तुझा पासपोर्ट त्याने आपल्या लोखंडी कपाटात बंद केला म्हणून तू माझ्या नावाच्या पासपोर्टवर गेलीस, आणि एकोणीस वर्षं तिकडे माझ्या नावाने राहतेस, हे सगळं. तिकडच्या लोकांना हे सिद्ध करून दाखवलं तर ते तुला विमानात बसवून परत पाठवतील. विमान उतरेल तिथे तो उभा असेल. कसं कळलं म्हणशील, तर मला माहीत नाही. कुणीतरी बोललं असेल.

मी एवढंच करू शकले की त्याच्या डाव्या कानामागे बोटभर सावली पडू दिली. सावलीचा फोटो ऑफिस परत पाठवतं. दोन-तीन आठवडे त्यात जातील. वाईट फोटो मुद्दाम काढायला चांगल्यापेक्षा जास्त कसब लागतं, हे मला या वयात कळलं. तेवढ्यात तू घर बदल, नोकरी बदल, जे जमेल ते कर. फोन करू नकोस, आपलं तेव्हाच तसं ठरलंय. दोन ओळी लिही.

ताई


२४ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर नाही. पत्ता जुन्या पाकिटावरचा आहे. तू तिथेच आहेस असं समजून लिहिते.

फोटो परत आला. तो घेऊन तुझा नवरा परवा पुन्हा आला. ‘ताई, सावली आली म्हणतात.’

‘दिवा जुना झालाय,’ मी म्हटलं.

‘असू दे. घाई नाही. एकोणीस वर्षं थांबलोच की.’

दुसऱ्यांदा काढला. या वेळी सावली ठेवली नाही, चेहरा दोन मिलिमीटर मोठा छापला. डोळ्यांना कळत नाही, ऑफिसच्या पट्टीला कळतं. मी आत छपाई करत होते आणि तो बाकावर बसून भिंतीवरचे फोटो बघत होता. मध्येच, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, ‘मला या घरातून एक बायको मिळाली होती. ती परत पाहिजे. माझं दुसरं काही म्हणणं नाही.’

मी कापत होते ती प्रत वाकडी कापली गेली.

तो आपल्या कपाटांच्या कारखान्यातल्या माणसांना सांगतो म्हणे, बायको आजारी नातेवाइकाकडे गेलीय, येईल. ‘आता कुणी विचारत नाही,’ तो म्हणाला, ‘पण मी आपला सांगतो.’ हसला नाही. तो विनोद करत असता तर मला बरं वाटलं असतं.

बाकी ठीक. माझा गुडघा दुखतो. आपल्या रस्त्यावरची जुनी दुकानं सगळी गेली, समोर काचेची इमारत झालीय. आपल्याला लहानपणापासून ओळखणारं इथे मी सोडून कुणी उरलं नाही.

ताई


१२ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र मिळालं, आणि त्यातला फोटोही.

जाताना तुला दिवस जाऊन दोन महिने झाले होते आणि तू मला सांगितलं नाहीस. मी त्या रात्री तुझी बॅग भरली, तुझे बूट पुसले, आणि तू गप्प राहिलीस. आधी रागावले, मग रडले, मग चहा घेऊन पुन्हा रागावले. आता फोटो समोर आहे. मुलगी गोड आहे. कुणीतरी तिला खिडकीकडे पाठ करून उभं केलंय, नाक काळं आलंय, काढणाऱ्याला चार महिने माझ्याकडे पाठव. कान मात्र स्वच्छ दिसतात. ते कुणाचे आहेत हे मला चष्मा न लावता कळलं.

तू लिहितेस की ती अठरा वर्षांची झाली, तिचा स्वतःचा पासपोर्ट आलाय, आणि सुट्टीत मावशीला भेटायला यायचं म्हणून नाचतेय. तिच्या कागदावर आईच्या जागी माझं नाव आहे, म्हणजे मावशीच्या घरी आईच भेटायची. मला हसू आलं आणि ते लगेच गेलं. तिला येऊ देऊ नकोस. मावशी तिरसट आहे म्हणून सांग, ते खोटंही नाही. तो तिला रस्त्याच्या पलीकडून ओळखेल. त्याला मूल आहे हे आजवर त्याला ठाऊक नाही, आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

आता माझं ऐक. कुणी बोललं नाही. मीच केलं.

बाबांची पद्धत तुला आठवतेय. गिऱ्हाइकाला चार प्रती, पाचवी वहीत, खाली नाव, नंबर आणि तारीख. पुन्हा प्रत हवी झाली तर शोधाशोध नको. तुझा तो फोटो मी स्वतः काढला, हनुवटीवरचा तुझा व्रण निगेटिव्हवर पेन्सिलने झाकला, कारण माझ्या हनुवटीवर व्रण नाही. सगळं विचार करून केलं. चार प्रती फॉर्मसाठी घेतल्या, पाचवी हातात उरली. ती मी वहीत चिकटवली आणि खाली माझं नाव लिहिलं. हात आपोआप गेला. नंबर सुटला असता तर बाबांनी तीन दिवस विचारलं असतं. जगापासून लपवायचं काम, आणि त्याला नाव, नंबर, तारीख सगळं घालून ठेवलं. शहाणपणात माझा कुणी हात धरणार नाही.

या वर्षी स्टुडिओला पन्नास वर्षं झाली. मोठ्या हौसेने मी जुन्या वह्या बाकावर मांडल्या. लोक आपले जुने चेहरे शोधतात, खूश होतात. फेब्रुवारीत तो आला, लग्नातल्या फोटोची प्रत आहे का विचारायला. हो, मार्चच्या आधी एकदा आला होता, ते मी तुला लिहिलं नाही. मीच वह्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, शोधा, तोवर चहा सांगते. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाशी बरं वागावं म्हणून. तो गेल्यावर वही चाळली, तर एका पानात चौकोनी भोक होतं. ब्लेडने कापलेलं, कडा एकदम सरळ.

परवा फोटोसाठी तिसऱ्यांदा आला. खिशातून कपाटं मोजायची टेप काढली आणि म्हणाला, ‘या वेळी माप मीच घेतो, ताई.’ मग पाकिटातून ती पाचवी प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. ‘चेहरा हिचा, नाव तुमचं. मला जायचीही गरज नाही. ऑफिसात एक अर्ज दिला की तिकडचे लोकच तिला आणून सोडतील.’

फोटो मी नीट काढला. काय करणार होते?

ताई


२८ एप्रिल

चिंगे,

ऑफिसची नोटीस आली. तुमच्या नावाची व्यक्ती एकोणीस वर्षांपूर्वी देशाबाहेर गेली, परतल्याची नोंद नाही, तरी आपण इथे राहता असं दिसतं. आपण कोण, याचा पुरावा घेऊन २ जून रोजी हजर व्हावं. अशी सरळ भाषा मी सरकारी कागदात पहिल्यांदाच वाचली. आपण कोण.

रात्री बसून विचार केला. मी मीच आहे म्हटलं, तर तिकडची तू खोटी ठरतेस, आणि तुझ्याबरोबर तुझी मुलगी. तुम्हा दोघींना इकडे आणून सोडतील आणि तिला तिचा बाप मिळेल. मी गप्प राहिले, तरी तेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

एक सांगून टाकते, नाहीतर पोटात सडेल. तुझा मला राग आहे. माझ्या नावावर तू जग पाहिलंस आणि मी या स्टुलापासून त्या स्टुलापर्यंत. दुसरा पासपोर्ट मागायला गेले असते तर पहिला कुठे आहे विचारलं असतं. कॅमेरे दुरुस्त करायला यायचे ते, चष्मेवाले, आठवतात? तुझ्यानंतर सहा वर्षांनी त्यांना बाहेर नोकरी लागली. मला म्हणाले, चला बरोबर, लग्न करून जाऊ. मी म्हटलं, मला विमानाची भीती वाटते. त्यांनी ते खरं मानलं, भला माणूस. त्यानंतर वर्षभर आकाशात विमान गेलं की मी आत जायचे. हे मी तुला कधी लिहिलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस.

आता राग लिहून झाला, बरं वाटतंय. तूच जा म्हणून तेव्हा मीच ढकललं होतं, आणि आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा ढकलेन. पाचवी प्रत तेवढी चिकटवणार नाही.

हनुवटीला पट्टी आहे, कागद कापायचं कटर लागलं. काळजीचं काही नाही.

ताई


१८ मे

चिंगे,

तू परत येऊन सगळं कबूल करते म्हणतेस. अजिबात नाही. तू आलीस तर मुलगी तुझ्यामागे येईल, ती तुझीच आहे.

त्यापेक्षा हे पाठ कर. कुणी विचारलं तर तू मोठी, मी धाकटी. तुझं लग्न झालेलं नाही. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे काम केलंस, मग बाहेर गेलीस. तुला एक धाकटी बहीण आहे, ती इकडेच असते, तिचं नवऱ्याशी फारसं पटत नाही, म्हणून तुझ्या दुकानात राहून ते तुझ्याच नावाने चालवते. स्टुलावरून कोण पडलं होतं? धाकटी. व्रण कुणाला आहे? धाकटीला. तुझा व्रण कुणाच्या नजरेत येऊ नये, पावडर जास्त लाव.

मी तुझी सही गिरवतेय. तू ‘र’ला उगाच शेपूट काढतेस, मला लहानपणापासून त्याचा राग होता. आता बऱ्यापैकी जमतं.

ताई


६ जून

ताई,

दचकू नकोस. आता असंच लिहायचं.

ऑफिसची खोली लहान होती. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली कुणाच्यातरी बाळाचा फोटो. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात दोरीला. तो आधीच येऊन बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याने कपाटातून तुझा जुना पासपोर्ट आणला होता, म्हणजे आता माझा.

‘बोला, तुम्ही कोण?’ बाई म्हणाल्या.

मी तुझं नाव सांगितलं. माझ्या तोंडून ते इतकं सरळ आलं की मलाच आश्चर्य वाटलं.

‘मग बाहेर आहे ती?’

‘माझी मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. फोटो काढायची.’

‘आणि हे?’

‘हे माझे मिस्टर.’ हा शब्द आयुष्यात कुणासाठी तरी वापरायचा राहिला होता, तोही वापरून झाला.

बाईंनी पासपोर्ट उघडला. ओळखीची खूण, हनुवटीवर व्रण. मी आदल्या रात्रीपासून पावडर लावली नव्हती. खिडकीकडे हनुवटी केली, उजेड कुठून येतो ते मला कुणाला विचारावं लागत नाही. एप्रिलमध्ये पट्टी लिहिली होती ना? कटर लागलं नव्हतं, लावून घेतलं होतं. तुझ्या जुन्या निगेटिव्हवरून माप घेतलं, दीड सेंटिमीटर, जरासा तिरका. हजारो लोकांचे व्रण मी पेन्सिलने पुसले, एकच करायची वेळ आली. दुखलं तेवढं दुखलं.

मग त्यांनी ती पाचवी प्रत हातात घेतली. त्यातल्या चेहऱ्यावर व्रण नाही, खाली मोठ्या बहिणीचं नाव. जे मी तेव्हा झाकलं होतं त्याने आता तुला झाकलं. बाई एकदा फोटोकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. आपण दोघी सारख्या दिसतो, हे त्यांना मान्य करावंच लागलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि त्याला विचारलं, ‘तुम्ही सांगा. ही तुमची बायको का?’

माझा सगळा हिशोब या प्रश्नापाशी येऊन थांबत होता, आणि मी तुला ते लिहिलं नव्हतं. मी कोण हे त्याला अर्थातच माहीत होतं. त्याने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की टेबलावरचे कागद पंख्याने उडाले आणि बाईंनी ते गोळा करून पुन्हा ठेवले. नाही म्हणाला असता तर मी तिथूनच आत गेले असते आणि तुम्ही दोघी विमानात.

‘हो,’ तो म्हणाला. ‘हीच.’

‘मग तक्रार कसली केलीत?’

‘गैरसमज झाला. मला वाटलं ती गेली. ती इथेच होती.’

बाई वैतागल्या. एका गावात राहून बायको कुठे आहे हे कळत नाही का, घरची भांडणं ऑफिसात कशाला आणता, असं बरंच बोलल्या. आम्ही दोघांनी सह्या केल्या. शेपूट नीट आलं. त्याच्या अर्जाची आणि माझ्या नोटिशीची, दोन्ही फायली बंद झाल्या. पासपोर्ट त्यांनी माझ्यापुढे सरकवला, मी हात पुढे करायच्या आत त्याने तो उचलून आतल्या खिशात ठेवला.

जिना उतरताना म्हणाला, ‘एकोणीस वर्षं लोकांना सांगत होतो, येईल. आली.’

मी म्हटलं, ‘झालं ना तुमच्या मनासारखं? मी स्टुडिओत जाते.’

‘स्टुडिओ तुझ्या बहिणीचा. आत्ता तूच लिहून दिलंस.’ आवाज तोच, खालच्या पट्टीतला. ‘उद्या कुणी पुन्हा विचारलं, तू कोण, तर मलाच सांगावं लागणार. रोज सांगावं लागेल. घरी असलीस तर कुणी विचारणार नाही.’

तेव्हा मला कळलं की तो पहिल्यापासून ‘एक बायको’ म्हणत होता. कोणती, ते त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

आवरायला चार दिवस दिले, ते आज संपले. वह्या बांधून वर ठेवल्यात. मुलीचा फोटो जाळला. आधी खूप वेळ पाहिला, मग जाळला, राख नळाखाली धरली. ती पाचवी प्रत फाइलमध्येच राहिली. वहीतलं भोक तसंच आहे, राहू दे. स्टुडिओची किल्ली या पाकिटात आहे. दुकान तुझं आहे, कागदावर आणि एरवीही. कधी वीस-पंचवीस वर्षांनी त्या पोरीला यावंसं वाटलं तर येऊ दे, पण आधी बाहेरून बघून घे म्हणावं.

मी ठीक आहे. मला भीती वाटते, ते खोटं बोलत नाही. पण या वेळी कपाटात काय बंद आहे हे मला माहीत आहे, लग्न करून गेलीस तेव्हा तुला माहीत नव्हतं. तेवढा फरक आहे, आणि तो पुरेल की नाही ते बघू.

मागच्या पत्राची माफी रीतसर मागायची राहिली होती. हीच ती.

उत्तर लिहू नकोस. त्या घरात आलेलं पत्र आधी कोण उघडतं ते तू पाहिलेलं आहेस. पाकीट वाटेतल्या पेटीत टाकेन, तो कोपऱ्यावर पान खायला थांबतो.

आत्ताच त्याने पायरीवरून तुझ्या नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली.

तुझी धाकटी बहीण